भाऊजींची अस्सल डिस्क

आमच्या भाऊजींनी आजवर एकही वस्तू बिघडवलेली नाही. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच येता-जाता सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही. वस्तू बिघडवायची तर ती आधी वापरावी लागते. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या घरात सोफ्यावर प्लॅस्टिक आहे, आणि उन्हाळ्यात त्यावरून उठताना पाहुण्याला स्वतःला सोलून काढावं लागतं. टीव्हीचा रिमोट पिशवीत आहे. प्रवासाच्या बॅगेला कव्हर आहे, ते कव्हर मळू नये म्हणून त्यावर जुनी चादर गुंडाळलेली आहे, आणि ती बॅग घेऊन ते कुठेही जात नाहीत, कारण प्रवासात बॅगा आपटतात. चांगले कप काचेच्या कपाटात आहेत. ते कुणासाठी ठेवलेत, असं मी एकदा विचारलं होतं. "चांगल्या पाहुण्यांसाठी," असं उत्तर मिळालं आणि माझ्यासमोर कान तुटलेल्या कपातून चहा आला.

मी औषधांच्या दुकानात काम करते. आमच्याकडे प्रत्येक डबीवर मुदत छापलेली असते, आणि नुसतं ठेवून ठेवून काय होतं ते मी रोज कचऱ्यात टाकते. त्यामुळे जपून ठेवणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. पुढे वाचताना मी भाऊजींवर अन्याय करते आहे असं वाटलं, तर ते बरोबरच वाटतंय असं समजा.

भाऊजी नोकरीला होते एका कॉलेजात, प्रयोगशाळेचे भांडारपाल म्हणून. सूक्ष्मदर्शक, तराजू, काचेच्या नळ्या, सगळं त्यांच्या ताब्यात. सूक्ष्मदर्शक खोक्यात, खोकं कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली भाऊजींच्या कमरेला. एखाद्या प्राध्यापकाने वर्गासाठी मागितलाच, तर भाऊजी इतके दुखावले जात, की पुढच्या वेळी तो माणूस फळ्यावर चित्र काढूनच शिकवी. पोरांनी त्यांचं नाव 'सीलबंद' ठेवलं होतं. निरोप समारंभात प्राचार्य म्हणाले, यांच्या कारकिर्दीत एकही भिंग फुटलं नाही, आणि सभागृहात टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी बसलेले एक सर टाळ्या वाजवता वाजवता पुटपुटले, "एकाही पोराने त्यातून पाहिलंही नाही." भाऊजींना ते ऐकू गेलं असतं तरी त्यांनी ते कौतुकातच धरलं असतं.

या नोकरीत त्यांना एक कला अवगत झाली. पुस्तकांना वगैरे लावायचं पारदर्शक चिकट प्लॅस्टिक असतं ना, गुंडाळीत मिळतं, ते लावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पट्टीची कड घेऊन ते असं काही फिरवतात की आत हवेचा एक बुडबुडा राहत नाही, आणि कडा नखं कापायच्या कात्रीने अशा कातरतात की प्लॅस्टिक कुठे संपलं ते बोटालाही कळू नये. निवृत्त झाल्यावर कॉलेजची कपाटं सुटली आणि घर तावडीत सापडलं. रेशनकार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मिक्सरच्या डब्यावरचं चित्र, फोन नंबर लिहिलेला भिंतीवरचा कागद, सगळ्यावर प्लॅस्टिक चढलं. त्या घरात कुठल्याही वस्तूला हात लावा, बोटाला लागतं ते प्लॅस्टिकच, आणि काही वर्षांनी तुम्हाला ते जाणवायचं बंद होतं.

आणि त्यांनी ताईलाही जपलं. लग्नाआधी ताई एका वकिलाकडे टंकलेखनाला होती. वकीलसाहेब खोलीत फेऱ्या मारत मजकूर सांगायचे, आणि त्यांचं वाक्य तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत ताईने ते कागदावर उतरवलेलं असायचं. अख्ख्या इमारतीत तिच्या हाताचा वेग प्रसिद्ध होता. लग्न झालं आणि भाऊजी म्हणाले, कशाला ती दगदग. बस, गर्दी, लोकांची बोलणी, हवंय काय ते सगळं? ताई हो म्हणाली, कारण ती भांडत नाही. भांडायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. मी तेव्हाही भांडले होते आणि तिनेच मला गप्प केलं होतं.

तर गेल्या महिन्यात आमच्या दुकानात एक बाई औषध घ्यायला आल्या. डॉक्टर लोक रुग्णाची माहिती बोलून ध्वनिमुद्रित करतात, ती ऐकून टाइप करून देणारी त्यांची कंपनी आहे. माणसं मिळत नाहीत म्हणून त्या रडत होत्या. मी लगेच ताईचं नाव पुढे केलं. बाईंनी ताईला मेलवर एक ध्वनिमुद्रण पाठवलं: हे ऐकून टाइप करा, रविवारी संध्याकाळपर्यंत परत पाठवा, चांगलं जमलं तर काम तुमचं. घरून केलं तरी चालेल, असंही म्हणाल्या, आणि त्या एका वाक्यावर भाऊजींनी परवानगी दिली. घरात संगणक होताच. भाचीच्या कॉलेजसाठी घेतलेला, ती लग्न होऊन गेल्यापासून गोधडीखाली झोपलेला. ताईने तो उठवला आणि रोज दुपारी सराव सुरू केला. फोनवर तिचा आवाज ऐकूनच मला कळायचं, की आज बोटं चालली.

शनिवारी दुपारी दिवे एकदा मिचकले. एवढंच. गेलेसुद्धा नाहीत. पण भाऊजी दिवाणावरून असे उठले की जणू घराला आग लागली, आणि ताई टाइप करत असताना त्यांनी संगणकाची पिन भिंतीतून उपटली. वीज खालीवर झाली तर मशीन जळू नये म्हणून. थोड्या वेळाने पिन परत लावली तेव्हा मशीन जळलं नव्हतं. ते फक्त सुरू होत नव्हतं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहून आलं, की एक महत्त्वाची फाईल हरवली आहे किंवा खराब झाली आहे, दुरुस्तीसाठी ऑपरेटिंग सिस्टीमची मूळ डिस्क घालावी.

रविवारी सकाळी ताईचा फोन आला. "मशीन उठत नाहीये गं," एवढंच म्हणाली. मी चप्पल घालून निघाले. ताईचा आवाज असा मी फार वर्षांनी ऐकला होता, आणि भाऊजींना आज दोन शब्द सुनावायचेच असं वाटेत ठरवलं होतं. पण तिथे जाऊन पाहते तर भाऊजी खूश. मूळ डिस्क घालावी, असं मशीननेच म्हटलं होतं ना? मग मूळ डिस्क आहे कुणाकडे? अशा दिवसाची त्यांनी किती वर्षं वाट पाहिली असेल कोण जाणे. लोक चोरून नक्कल केलेल्या डिस्का वापरतात, यांनी मात्र मशीन घेतानाच अस्सल डिस्क हट्टाने मागून घेतली होती आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवली होती.

"जपून ठेवलेलं कधी वाया जात नाही," ते माझ्याकडे बघून म्हणाले. हा टोमणा होता. त्यांनी हात धुतले, पुसले, खणातून पत्र्याचा डबा काढला, डब्यातून फडकं, फडक्यातून पाकीट, आणि पाकिटातून ती डिस्क. खरंच आरशासारखी होती. आम्ही तिघांनी ती कडेला धरून आळीपाळीने पाहिली. नवीकोरी. भाऊजींनी ती संगणकाच्या तोंडात ठेवली आणि बटण दाबलं.

पुन्हा तोच काळा पडदा. मूळ डिस्क घालावी.

"घातली आहे की," भाऊजी पडद्याला म्हणाले.

काढली, पुन्हा घातली, तेच. मग त्यांनी संगणक जुळवून देणाऱ्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो बिचारा रविवारचा घरी बसला होता. तो म्हणाला, मशीन आधी स्वतःच्या पोटात बघत असेल, डिस्ककडे नंतर. क्रम बदलायला लागेल. सुरू होताना डिलीटचं बटण दाबत राहा, निळा पडदा येईल, त्यात पहिला नंबर सीडीला द्या. भाऊजींनी डिलीट दाबलं. म्हणजे कीबोर्डवरच्या प्लॅस्टिकच्या कव्हरवरून, करंगळीने, झोपलेल्या बाळाच्या गालाला लावावी तशी. निळा पडदा कसला येतोय. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी ताईने हात पुढे केला आणि ते बटण असं दडपलं की निळा पडदा झक मारत आला. भाऊजी कळवळले, पण क्रम बदलला.

आता मशीन डिस्क फिरवायला तरी लागलं. आतून घरघर यायची, वाढायची, थांबायची, पुन्हा वाढायची. म्हाताऱ्या माणसाने चष्मा नसताना पत्र वाचायला घ्यावं तसं चाललं होतं. आणि शेवटी तोच काळा पडदा.

पुन्हा फोन. मी तो मोठ्या आवाजावर ठेवायला लावला, कारण भाऊजी त्या माणसाचं बोलणं अर्धंच ऐकतात.

"डिस्कवर ओरखडे आहेत का, साहेब?"

"ओरखडे? तिला हात लागलेला नाही आजवर."

"धूळ वगैरे?"

"धूळ बसूच शकत नाही तिच्यावर."

"मग ड्राइव्ह गेला असेल. माझ्याकडे दुसरी डिस्क आहे, ती घालून बघू."

"नक्कल केलेली?"

"चालते हो ती," तो म्हणाला.

"बाहेरची डिस्क माझ्या मशीनमध्ये जाणार नाही," भाऊजी म्हणाले. "घरात अस्सल असताना मी नक्कल का घालू?"

मी ताईला म्हटलं, "ऊठ, माझ्या दुकानात चल, मालकाचा कॉम्प्युटर आहे, मी विनवणी करते." भाऊजी म्हणाले, घरात मशीन असताना लोकांच्या दारात कशाला? आणि ताई, इतक्या वर्षांच्या सवयीने, उठता उठता परत बसली. मला तिच्या त्या बसण्याचा जो राग आला, तो भाऊजींचाही आला नव्हता.

मग दोष वाटून झाले. आधी वीज मंडळ. मग कॉम्प्युटरवाला, त्याने स्वस्तातला ड्राइव्ह बसवला असणार. मग भाऊजी हळूच ताईला म्हणाले, "तू बटणं फार जोरात बडवतेस, मी बघत होतो." नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. पिन आपण उपटायची आणि बोटं बायकोची वाकडी, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात ताई म्हणाली, "त्याला बोलावून घ्या. घरी येऊ दे." ती भाऊजींना असं सांगते तेव्हा ते ऐकतात, कारण असं ती क्वचितच सांगते.

कॉम्प्युटरवाला जेवण उरकून आला. पन्नाशीचा, थकलेला, खांद्यावर पिशवी. भाऊजींनी त्याची पिशवी खाली वर्तमानपत्र अंथरून त्यावर ठेवायला लावली आणि त्याला हात धुवायला पाठवलं. त्याने ते धुतलेही. मशीनचं झाकण काढायच्या आधी त्याने सहज ती डिस्क हातात घेतली, खिडकीपाशी गेला, तिरकी धरली, आणि तसाच उभा राहिला.

"याला काय लावलंय?" त्याने विचारलं.

"कशाला?"

"डिस्कला."

"कुठे काय लावलंय?" भाऊजी म्हणाले, आणि मी शपथेवर सांगते, ते खोटं बोलत नव्हते.

कॉम्प्युटरवाल्याने कडेला नख लावलं. बऱ्याच खटपटीनंतर एक पातळ पापुद्रा वर आला. "हे," तो म्हणाला.

"ते कव्हर आहे," भाऊजी म्हणाले. "ते असतंच."

डिस्क घरी आली त्या दिवशीच त्यांनी तिला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक लावलं होतं, मधलं भोक कातरून, कडा कातरून, एकही बुडबुडा न ठेवता. आणि सकाळपासून ती आम्ही तिघांनी हाताळली होती. मीसुद्धा. मला त्यात काही वेगळं लागलं नाही, कारण त्या घरात सगळंच तसं लागतं. एवढी तोंडाळ मी, पण हातच्या कांकणाला आरसा लागला तो लागलाच.

"साहेब, मशीन ही डिस्क उजेडाने वाचतं," कॉम्प्युटरवाला शांतपणे म्हणाला. "खालून किरण पडतो. तुम्ही मधे पडदा लावलात."

"पारदर्शक आहे तो."

"आपल्याला."

भाऊजींनी हात पुढे केला. मग म्हणाले, मीच काढतो, तुम्ही फाडाल. आणि त्यांनी खालच्या बाजूचं प्लॅस्टिक असं सोलून काढलं की ते अख्खं गोल निघून आलं. डिस्क घातली. घरघर झाली, थांबली, आणि पडद्यावर एक नवीन ओळ आली: सीडीवरून सुरू करण्यासाठी कुठलंही बटण दाबा. ताईने दाबलं. पडदा निळा झाला आणि खालच्या ओळीत एकामागून एक फाइलींची नावं पळू लागली. ताई खुर्ची पुढे ओढून बसली. तिने पदराने कपाळ पुसलं आणि ती हसली, आणि मला वाटलं, झालं, सुटलो.

मग नावं पळायची थांबली. अमुक फाइल वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करू का?

कॉम्प्युटरवाल्याने डिस्क काढून बघितली. "डिंक राहिलाय खाली. वहिनी, साबणाचं पाणी आणि मऊ फडकं आणा. मधून बाहेरच्या बाजूला पुसू, उतरेल. आणि साहेब, वरच्या प्लॅस्टिकला हात लावू नका हं, तिथे..." इथे त्याचा फोन वाजला. दुसरं कुठलं तरी मशीन दुसऱ्या कुठल्या तरी घरी अडलं होतं. तो गॅलरीत गेला. ताई स्वयंपाकघरात गेली, पाणी कोमट करायला, आणि मी तिच्या मागोमाग, फडकं शोधायला. त्या घरात मऊ फडकी पुष्कळ आहेत, फक्त ती सगळी कशावर ना कशावर घातलेली असतात.

बाहेरून चर्र असा बारीक आवाज आला.

आम्ही आलो तेव्हा भाऊजी टेबलापाशी उभे होते. त्यांच्या एका हातात डिस्क होती आणि दुसऱ्या हातात वरच्या बाजूचं प्लॅस्टिक. तेही अख्खं गोल निघालं होतं, कुठेही न फाटता. फक्त डिस्कवरची ती चंदेरी चमक डिस्कवर राहिली नव्हती. ती प्लॅस्टिकला चिकटून वर आली होती, छापलेल्या नावासकट. भाऊजींच्या उजव्या हातात उरली होती पाण्यासारखी स्वच्छ चकती, आणि तिच्यातून त्यांच्या शर्टाची बटणं दिसत होती.

"अर्धवट काम मला आवडत नाही," भाऊजी म्हणाले. पण आवाज बसला होता.

कॉम्प्युटरवाला गॅलरीतून आत आला, त्याने दोन्ही हातांकडे पाहिलं आणि फोन खिशात टाकला. "सगळी माहिती त्या चंदेरी पदरातच असते, साहेब," तो म्हणाला. "म्हणून म्हणत होतो."

मला वाटलं होतं की अशा क्षणी मी खूप बोलेन. जिभेवर सगळं तयार होतं, सूक्ष्मदर्शकापासून सुरू करून कान तुटलेल्या कपापर्यंत. पण भाऊजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझ्याने बोलवेना. अति तेथे माती म्हणतात, पण माती झालेला माणूस समोर उभा असला की ती म्हण तोंडातून निघत नाही.

ताईने हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "तुमची डिस्क घातली तर किती वेळ लागेल?" तिने कॉम्प्युटरवाल्याला विचारलं.

"सिस्टीम चढेल, मग आवाजाचं, मग इंटरनेटचं, मग टायपिंगचं. संध्याकाळ होईल, वहिनी. उशीरही होईल."

ताईने घड्याळाकडे पाहिलं. मग तिने फोन उचलला आणि त्या कंपनीच्या बाईंना लावला, आमच्या सगळ्यांसमोर. नमस्कार वगैरे केला आणि म्हणाली, "माझं मशीन बंद पडलंय. तुमच्याकडे एखादं रिकामं असेल तर मी तिथे येऊन बसते. आत्ता." पलीकडून काहीतरी उत्तर आलं. "हो, येते," ताई म्हणाली, आणि कपडे बदलायला आत गेली.

भाऊजी दारापर्यंत तिच्या मागे गेले. रविवारचं कुठे जातेस, ऊन किती आहे, पत्ता नीट माहीत आहे का, मी येऊ का. ताई म्हणाली, "नको. एकटी जाते." मीही पर्स उचलली होती. मला म्हणाली, "तू थांब इथे. यांना एकटं ठेवू नकोस." आणि ती जिना उतरून गेली. तिला घाईघाईने जिना उतरताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग आम्ही दोघं बसलो. कॉम्प्युटरवाला पिशवी आवरत होता. इतक्या वर्षांत भाऊजी आणि मी एका खोलीत ताईशिवाय बहुधा कधी बसलो नव्हतो.

"मी काय मुद्दाम केलं?" भाऊजींनी विचारलं.

"नाही ना," मी म्हटलं. "मुद्दाम केलं असतंत तर केव्हाच भांडून मोकळी झाले असते मी."

ते सोफ्याच्या प्लॅस्टिकवर बोट फिरवत राहिले. मग त्यांनी सांगितलं, ते मला ठाऊक नव्हतं. लग्न ठरल्यावर ते ताईला भेटायला त्या वकिलाच्या ऑफिसात गेले होते. आत वकील तिच्यावर ओरडत होता, चार अशिलांसमोर, एका शब्दावरून. ती खाली मान घालून उभी होती. "मी तिथूनच परत फिरलो," भाऊजी म्हणाले. "तिला कळलंही नाही मी आलो होतो ते. तेव्हाच ठरवलं, हिला कुणी ओरडेल अशा जागी कधी पाठवायचं नाही."

"आणि तिला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय?" ते म्हणाले.

हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की मला हसू आलं, आणि मग भरून आलं, आणि त्याबद्दल पुन्हा त्यांचाच राग आला. एवढी माया केली या माणसाने, आणि तीही सगळी कुलपात.

कॉम्प्युटरवाला पिशवी खांद्याला लावून उठला, तेव्हा भाऊजी त्याच्याकडे न बघता म्हणाले, "घाला तुमची."

"काय घालू?"

"ती डिस्क. नक्कल. घाला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने पिशवी परत खाली ठेवली, आणि या वेळी भाऊजींनी वर्तमानपत्र अंथरलं नाही. नक्कल पहिल्याच फटक्यात सुरू झाली. अंगावर ओरखडे, पेनने नाव लिहिलेलं, कुठल्या कुठल्या घरांतून फिरून आलेली ती डिस्क, पण घरघर न करता चालली. भाऊजी शेजारी स्टूल ओढून सगळा वेळ बसले आणि मधूनमधून विचारत राहिले, हे काय, आता काय करतंय, आता किती राहिलं.

दिवेलागणीला ताई आली तेव्हा मशीन सुरू होतं. भाऊजींनी तिला खुर्चीवर बसायलासुद्धा दिलं नाही, आधी पडदा दाखवला. कीबोर्डवरचं कव्हरही त्यांनी काढून ठेवलं होतं. "बघ," ते म्हणाले. "झालं. सगळं झालं. तुझं काय झालं?"

"दिलं करून," ताई म्हणाली. तिने पाणी मागितलं, घोट घोट प्यायली, आणि सांगत सुटली. लांब टेबल आहे, सगळ्याजणी कानाला हेडफोन लावून बसतात, पायाखाली पट्टी असते, ती दाबली की आवाज थांबतो. "एका औषधाचं नाव मी चुकीचं टाइप केलं. बाई अशी ओरडली माझ्यावर, सगळ्यांसमोर."

भाऊजी ताठ झाले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय. चूक होती, दुरुस्त केली. नंतर तीच म्हणाली, हात चांगला आहे. उद्यापासून बोलावलंय."

"घरून," भाऊजी म्हणाले. "हे चालू झालंच आहे आता."

"त्यांनी विचारलं, घरून करणार की येणार," ताई म्हणाली. "मी येते म्हणून सांगितलं."

"अगं, पण मशीन आता ठीक आहे."

"असू दे. मी जाणार."

भाऊजी स्टुलावर बसले. कॉम्प्युटरवाल्याने आपली डिस्क काढून पाकिटात घातली आणि तो दाराकडे सरकला. अशा वेळी थांबू नये हे त्याला धंद्यात कळलं असावं.

"आणि तुला काही झालं तर?" भाऊजींनी विचारलं. तक्रार नव्हती त्यात. त्यांना खरंच भीती वाटत होती.

"होऊ दे की काहीतरी," ताई म्हणाली. "इतकी वर्षं मला काही झालंच नाही."

ती रागावून बोलली नव्हती, हसून बोलली होती, म्हणून तर ते लागलं. मी जायला निघाले, चपला घालत होते, तेव्हा मागून भाऊजींचा आवाज ऐकला. सकाळी डबा कितीला लागेल, असं ते तिला विचारत होते.

"आठला," ताई म्हणाली. "भाजी चिरून ठेवते मी. फोडणी तुम्ही द्या. करपली तरी चालेल."